गड चढताना दगडही वाचू या

(बोईसर येथे कार्यकर्ते व त्यांच्या कुटुंबीयांसमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



गेल्या काही वर्षांत आपल्या समाजात दुर्गभ्रमंतीची आवड वाढीस लागली आहे, ही मोठी समाधानाची गोष्ट आहे. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने शिवछत्रपतींच्या परंपरेतील बारा दुर्गांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यांतील अकरा महाराष्ट्रात आहेत आणि बारावा जिंजी तामिळनाडूत. तो मान देताना जे नाव स्वीकारले गेले, त्यात 'मराठा' आणि 'लष्करी' या शब्दांच्या जोडीला 'भूप्रदेश' हा शब्द आहे. त्याकडे मला आज आपले लक्ष वेधायचे आहे. गौरव केवळ तट-बुरुजांचा झालेला नाही. ज्या भूमीने ते तट-बुरुज अंगाखांद्यावर वागवले, तिचाही झाला आहे.

आता स्वतःलाच एक प्रश्न विचारू या. आपण मुलांना गडावर नेतो, तेव्हा काय सांगतो? हा गड कोणी बांधला, कोणी जिंकला, कोण येथे धारातीर्थी पडले. हे सांगितलेच पाहिजे. परंतु ज्या कातळावर उभे राहून आपण हे सांगतो, तो कातळ काय आहे, कोठून आला, तो असाच का कापला गेला, याविषयी आपण चकार शब्द काढत नाही. सकाळी अंथरुणातून उठताना धरणीवर पाय टेकवण्यापूर्वी तिची क्षमा मागावी, असा संस्कार ज्या घरांत आहे, त्या घरांतील मुलांना धरणी म्हणजे नेमके काय, हे ठाऊक नसावे, ही उणीव मानली पाहिजे. मातृभूमीवरील भक्ती डोळस व्हायची असेल, तर तिची ओळख मातीपासून आणि दगडापासून व्हावी लागेल. आपल्या पालघर जिल्ह्यात त्यासाठी फार दूर जावे लागत नाही.

अग्नीतून जन्मलेला प्रदेश

बोईसर स्थानकाच्या पुलावर उभे राहून पूर्वेकडे पाहिले, की डोंगरांची एक रांग दिसते. हे सारे डोंगर ज्वालामुखीच्या देणगीतून घडले आहेत. ज्वालामुखी म्हटला, की आपल्या डोळ्यांसमोर शंकूसारखा पर्वत आणि त्याच्या तोंडातून उसळणारा अग्नी उभा राहतो. दख्खनमध्ये मुख्यतः घडले ते निराळेच. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी येथील भूकवचाला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून अतितप्त, पातळ शिलारस पुराच्या पाण्यासारखा पसरत गेला. एक थर थंड झाला, काही काळ शांतता राहिली, पुन्हा दुसरा थर आला. थरावर थर असे साचत गेले, की सह्याद्रीत त्यांची जाडी दोन किलोमीटरच्या घरात पोहोचली. कोट्यवधी वर्षांच्या झिजेनंतर आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश या काळ्या पाषाणाने व्यापलेला आहे. महाराष्ट्राचा बहुतांश भाग त्यात येतो.

या पाषाणाला शास्त्रज्ञ बेसॉल्ट म्हणतात. कर्नल विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३३ च्या सुमारास आपल्या प्रदेशाच्या या रचनेचे वर्णन केले, तेव्हापासून तिला 'ट्रॅप' हे नाव रूढ झाले. हा शब्द स्वीडिश भाषेतील जिन्याच्या पायरीवरून आला आहे. डोंगराच्या उतारावर एकावर एक पायऱ्या दिसतात, म्हणून ट्रॅप. नाव त्यांनी दिले, हे मान्य करू. परंतु त्या पायऱ्या आपल्या पूर्वजांनी त्याआधी कित्येक शतके ओळखल्या होत्या आणि वापरल्याही होत्या.

गडाच्या रचनेतील आपले शब्द आठवून पाहा. घेरा, माची, कडा, बालेकिल्ला. लाव्हाच्या प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट व कठीण असतो. तो सहज झिजत नाही, त्यामुळे त्याचा उभा कडा तयार होतो. थराचा माथा मात्र निराळा असतो. थंड होताना त्यातून वायू बाहेर पडलेले असतात, त्यामुळे तो फेसासारखा सच्छिद्र असतो, लवकर झिजतो आणि तेथे सपाटी तयार होते. हा कडा म्हणजे गडाचा नैसर्गिक तट आणि ही सपाटी म्हणजे माची. ज्यांनी गड वसवले, त्यांनी निसर्गाने घातलेली पायरी ओळखून तिच्या काठावर, जेथे गरज होती तेवढाच, तट चढवला. जिंजीला गेलेल्यांनी हा फरक पाहिला असेल. तेथील टेकड्या ग्रॅनाइटच्या, गोल गोल प्रचंड धोंड्यांच्या आहेत. तेथे माची-कडा असा क्रम नाही, म्हणून तेथील तटबंदीची रीतही वेगळी आहे. दगड बदलला, की दुर्ग बदलतो.

काळदुर्ग आणि अशेरी

आता आपल्या जवळच्या डोंगरांकडे येऊ. पालघरहून मनोरकडे जाणारा रस्ता वाघोबा खिंडीतून जातो. तेथे वाघोबाचे ठाणे आहे. येणारा-जाणारा क्षणभर थांबतो, हात जोडतो. वनात राहायचे तर वनाच्या राजाशी नाते राखून राहायचे, हा आपल्या वनवासी बंधूंचा विवेक त्या ठाण्यात आहे. याच खिंडीतून काळदुर्गाची वाट चढते. माथ्यावर जवळजवळ चौकोनी आकाराचा एक अजस्र कातळ बसवून ठेवल्यासारखा दिसतो. भोवतीचे वरचे थर लक्षावधी वर्षांच्या पावसाने वाहून नेले आणि एका कठीण थराचा हा तुकडा तेवढा शिल्लक राहिला. मुलांना तो दाखवून विचारावे, 'याच्या बाजूचा दगड कोठे गेला असेल?' उत्तर शोधताना त्यांची नजर खाली नदीकडे, तिच्या गाळाकडे आणि भातखाचरांकडे जाईल. डोंगर झिजतो तेव्हा शेत तयार होते, हे एका दृष्टिक्षेपात कळेल.

महामार्गाच्या बाजूला, खडकोना गावावरून चढता येणारा अशेरीगड हा तर एक उघडा ग्रंथ आहे. उंची सुमारे पाचशे मीटर. माथ्याजवळ उभा कातळ आडवा येतो. हाच तो थराचा कठीण गाभा. त्यावर चढून गेले, की विस्तीर्ण सपाटी, कातळात खोदलेली पाण्याची टाकी आणि देवीचे स्थान असलेली गुहा लागते. पोर्तुगीज राजचिन्ह कोरलेली एक शिळाही तेथे आहे. जहाजबांधणीला लागणारे उत्तम लाकूड या परिसरातील रानांतून मिळे, म्हणून पोर्तुगीजांना हा गड मोलाचा वाटे. १७३७ ते १७३९ या काळातील चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेने या पट्ट्यातील त्यांची सत्ता उखडून टाकली. त्याच मोहिमेत, जानेवारी १७३९ मध्ये, आपल्या तारापूरच्या किल्ल्यावर बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. बोईसरच्या मुलांना हे नाव ठाऊक हवे.

अशेरीवर, तांदुळवाडीवर, बोईसरजवळच्या आसावागडावर, प्रत्येक ठिकाणी टाकी का? वर एवढे पाणी टिकते कसे? येथे दगड वाचण्याची कला जीवन-मरणाची होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त दुर्गप्रकरण आहे. गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे, नसेल आणि स्थळ तर आवश्यक असेल, तर खडक फोडून टाकी करावीत, आणि केवळ एका झऱ्यावर विसंबून राहू नये, असा त्याचा आशय आहे. टाके खोदायचे तर भेगा नसलेला घट्ट थर निवडावा लागतो. भेगाळ कातळात खोदले, तर पावसाळा संपताच ते कोरडे पडते. ज्या पाथरवटांनी ही टाकी खोदली, त्यांची नावे इतिहासाने ठेवली नाहीत. मात्र कोणता थर पाणी धरतो आणि कोणता गळतो, हे ते टिकाव मारण्यापूर्वी जाणत होते, याची साक्ष ती टाकी आजही देत आहेत. हेच ज्ञान कान्हेरीच्या लेण्यांत आहे आणि वेरूळच्या कैलासात तर त्याचा कळस आहे.

भिंती, उष्णोदके आणि झुकलेले थर

आपल्या जिल्ह्याचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. उतारावर कधी कधी दगडाची लांब, सरळ भिंत दिसते. जणू कोणी बांधून काढली आहे. ती कोणी बांधलेली नसते. जुन्या थरांना भेगा पडल्या, त्यांत नवा शिलारस शिरला आणि तेथेच थिजला. पुढे भोवतीचा दगड झिजला आणि ही भिंत उघडी पडली. भूशास्त्रज्ञ तिला 'डाइक' म्हणतात. उत्तर कोकणात अशा भिंती दाटीने आढळतात. हा केवळ कौतुकाचा विषय नाही. अशी भिंत जमिनीखाली असेल, तर ती पाण्याला बांधासारखी अडवू शकते, आणि तिच्या बाजूचा खडक भेगाळ असेल तर तेथे पाणी साठते. विहीर कोठे घ्यावी, याचा विचार करताना ही खूण उपयोगी पडते.

दुसरी गोष्ट थरांच्या झुकण्याची. घाटमाथ्यावर हे थर जवळजवळ आडवे दिसतात. किनाऱ्याकडे येताना मात्र ते पश्चिमेस समुद्राच्या दिशेने झुकतात. त्याला पनवेलची वळी म्हणतात. सेशेल्सचा भूभाग आपल्या भूमीपासून तुटून दूर गेला, त्या काळात येथील किनारा ताणला गेला, वाकला, भेगाळला. भूमीच्या अंगावरचा तो जुना व्रण आहे.

कोकणची भूमी परशुरामांनी समुद्र मागे हटवून मिळवली, ही कथा आपण सर्व जाणतो. या कथेला भूशास्त्राचा पुरावा जोडण्याचा मोह काहींना होतो. तो टाळावा. कथा आपल्या पूर्वजांच्या या भूमीशी असलेल्या नात्याची आहे, शास्त्र त्या भूमीच्या घडणीचे आहे. दोन्हींचा मान वेगळा राखला, तर दोन्ही टिकतात. उत्तर आयर्लंडमध्ये 'जायंट्स कॉजवे' नावाचे ठिकाण आहे. बेसॉल्टचे सुमारे चाळीस हजार बहुकोनी खांब तेथे समुद्राकाठी उभे आहेत. १९८६ मध्ये त्याला जागतिक वारशाचा मान मिळाला. तेथील वाटाडे एका राक्षसाने समुद्रात रस्ता बांधल्याची लोककथाही सांगतात आणि थंड होताना आकसलेल्या लाव्हाला भेगा पडून हे खांब कसे झाले, हेही सांगतात. कोणालाही त्यात विरोध वाटत नाही. आपल्यालाही वाटण्याचे कारण नाही.

तांदुळवाडीच्या माथ्यावरून सूर्या आणि वैतरणा या नद्यांचे मनोहर दर्शन होते. त्याच परिसरात सातिवली आणि कोकनेर येथे गरम पाण्याचे झरे आहेत. पुढे तानसा नदीकाठची वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरीची कुंडे तर सर्वांच्या परिचयाची. वसई जिंकण्यासाठी चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीला नवस केला होता आणि विजयानंतर देवीचे मंदिर उभे राहिले. हे पाणी गरम कसे? खाली अजून ज्वालामुखी धगधगतो आहे, असे अनेकांना वाटते. तसे नाही. पावसाचेच पाणी भेगांतून खोलवर जाते, पृथ्वीच्या अंतरंगातील उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेतून वर येते.

हे अज्ञान महाग पडते

आपण म्हणाल, हे सारे रंजक आहे, पण कार्यकर्त्याला त्याचे काय? याचे उत्तर डहाणू आणि तलासरीने दिले आहे. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी परिसरात भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ रोजीचा धक्का ४.१ तीव्रतेचा होता. कडाक्याच्या थंडीत लहान मुलांना घेऊन कुटुंबे घराबाहेर झोपली. घरांना तडे गेले. त्याहून वेगाने पसरल्या त्या अफवा. कोणी म्हणाले ज्वालामुखी जागा होतो आहे, कोणी म्हणाले अणुऊर्जा केंद्रामुळे हे होत आहे.

ज्या तलासरीत माधवराव काणे यांच्यासारख्या कार्यकर्त्याने वनवासी मुलांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचले, तेथे अशा प्रसंगी आपला कार्यकर्ता मदत घेऊन पोहोचणार, हे गृहीतच आहे. परंतु ताडपत्री आणि शिधा यांबरोबर त्याने अचूक माहितीही नेली पाहिजे. दख्खनचा ज्वालामुखी केव्हाच निवाला आहे. हे धक्के जमिनीखालच्या जुन्या भेगांवरील हालचालींचे आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेने येथे उपकरणे बसवून अभ्यास केला. पावसाळ्यात मुरलेल्या पाण्याचा खोलवरच्या भेगांवर येणारा दाब, हे एक कारण संशोधकांनी मांडले आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाने आपल्याला शिकवले आहे, की हा काळा कातळ कितीही घट्ट दिसला, तरी तो अचल नाही. म्हणून जड दगड नुसत्या मातीत रचलेली भिंत, ओबडधोबड छप्पर, यांविषयी गावात बोलावे लागते. ज्याने जमीन समजून घेतली आहे, त्याच्याच बोलण्याने भीती ओसरते.

दुसरे उदाहरण पाण्याचे. जव्हार, मोखाड्यात पाऊस धो धो कोसळतो आणि उन्हाळ्यात आपल्या भगिनी हंडा घेऊन दऱ्या उतरतात. कारण पुन्हा दगडच. घट्ट बेसॉल्ट पाणी पोटात घेत नाही. जे मुरते, ते सच्छिद्र थरात, भेगांत आणि वरच्या मुरमात. वनराई बंधारा कोठे घालावा, झऱ्याचे उगमस्थान कोठे राखावे, हे ठरवताना थर पाहिला नाही, तर श्रमदान वाया जाते. सेवाभावाला शास्त्राची जोड नसेल, तर घाम गळतो आणि पाणी मात्र मिळत नाही.

तिसरे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर रोज घडते आहे. आपला जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी स्वतंत्र झाला आणि त्यानंतर येथे मोठी कामे उभी राहू लागली. मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वेचे एक स्थानक बोईसरला होणार आहे आणि तिचे बोगदे आपल्या डोंगरांतून जात आहेत. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. तारापूरचे अणुऊर्जा केंद्र १९६९ पासून राष्ट्राला वीज देत आले आहे, तेही याच पाषाणावर पाय रोवून उभे आहे. विकास हवा, तो राष्ट्राच्या सामर्थ्यासाठी हवा, याविषयी आपल्या मनात संदेह नाही. परंतु रस्ता, बंदर, इमारत, सगळ्यांना खडी लागते आणि खडी म्हणजे फोडलेला डोंगर. रस्त्याने जाताना अर्धे कापलेले डोंगर आणि क्रशरची पांढरी धूळ आपण सर्वजण पाहतो. प्रत्येक डोंगर वाचवा, असे म्हणणे अव्यवहार्य आहे. पण कोणता फोडायचा आणि कोणता राखायचा, हे ठरवायला कोणी तरी आधी त्या डोंगरांची नोंद केलेली हवी. ज्याची नोंद नाही, त्याच्या बाजूने उभे कोण राहणार?

अंधेरीची गिल्बर्ट टेकडी हे त्याचे बोलके उदाहरण आहे. बेसॉल्टच्या उभ्या खांबांची सुमारे दोनशे फूट उंचीची ती टेकडी आहे. माथ्यावर गावदेवीचे मंदिर आहे. जगात अशा रचना मोजक्याच ठिकाणी आढळतात. आज ती चहूबाजूंनी इमारतींत कोंडली आहे. मुंबई महानगरपालिकेने २००७ मध्ये तिला वारसा म्हणून संरक्षण दिले, पण तोवर भोवतीचे बरेच काही गेले होते. आपल्या अशेरीवर, कोहोजवर, तांदुळवाडीवर ही वेळ येण्याची वाट आपण का पाहावी?

सहलीचा नवा पाठ

माझी सूचना अगदी साधी आहे. आपल्या कुटुंबांच्या, बालकांच्या, महाविद्यालयीन तरुणांच्या सहली होतच असतात. त्यांतील वर्षातून दोन सहली भूदर्शनाच्या असाव्यात. वीस-पंचवीसांचाच गट असावा. बरोबर भूगोलाचा किंवा भूशास्त्राचा एक शिक्षक असावा. आणि वाटाड्या त्याच पायथ्याच्या पाड्यातला असावा.

हा शेवटचा मुद्दा मी आग्रहाने मांडतो. खडकोन्याचा किंवा वाघोट्याचा तरुण आज मजुरीसाठी गाव सोडतो, नाहीतर खाणीवर दगड फोडतो. त्याला डोंगराची प्रत्येक वाट, प्रत्येक झरा, प्रत्येक झाड ठाऊक आहे. कोणता दगड पाणी धरतो, हेही तो त्याच्या भाषेत जाणतो. त्याला थरांचे, भिंतींचे, गारगोट्यांचे शास्त्र समजावून दिले, तर त्याच्यापेक्षा चांगला वाटाड्या मिळणार नाही. त्याला त्याच्या ज्ञानाचे योग्य मानधन द्यावे. बक्षिसी म्हणून देऊ नये, विद्वानाला देतो तसे द्यावे. दुपारचे भोजन पाड्यावरच घ्यावे आणि त्याचे मूल्य त्या माउलीच्या हाती द्यावे. ताटात नागलीची भाकरी आली, की मुलांना सांगावे, की उतारावरच्या वरकस जमिनीत, जेथे कातळावर मातीचा पातळ थर असतो, तेथे नागली आणि वरई पिकते, आणि खाली सपाटीत भात. झोपडीच्या भिंतीवरचे वारली चित्र दाखवावे. गेरूच्या तांबड्या भूमीवर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ. हा तांबडा रंग लोहाचा, आणि आपल्या काळ्या पाषाणातही लोह भरपूर. तो झिजला, की माती लालसर होते. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. त्यांची कला या मातीतच रुजली होती. डोंगर फोडून मिळणारी मजुरी डोंगर संपला, की संपते. डोंगर दाखवून मिळणारे उत्पन्न नातवापर्यंत पुरते.

सहलीत काय पाहावे? प्रथम दूर उभे राहून डोंगराच्या पायऱ्या मोजाव्यात. चढताना एक थर संपून दुसरा कोठे सुरू होतो, ते शोधावे. दोन थरांच्या मध्ये कधी विटेसारख्या तांबड्या मातीचा पट्टा सापडतो. वरचा लाव्हा येण्यापूर्वी मधल्या शांततेच्या काळात खालच्या थरावर जी माती तयार झाली, ती वरच्या उष्णतेने भाजली गेली. त्या बोटभर किंवा हातभर पट्ट्यात कधी कधी हजारो वर्षांची शांतता साठलेली असते. सच्छिद्र दगडातील पोकळ्यांत पांढरे, चमकदार स्फटिक दिसतील. कोहोजगडाच्या माथ्यावर वाऱ्या-पावसाने माणसाच्या आकृतीसारखा कोरलेला सुळका आहे. तो पाहताना मुलांना निसर्गाच्या संयमाची कल्पना येईल. टाक्याच्या भिंतीवर टाकीच्या घावांच्या खुणा शोधाव्यात. शेवटी गडाचा एक साधा नकाशा काढून त्यात थर, टाकी, झरे आणि भिंती नोंदवाव्यात. प्रत्येक गटाने एक वही ठेवली, तर पाच वर्षांत जिल्ह्याची नोंद तयार होईल. ग्रामसभेपुढे किंवा शासनापुढे जाताना घोषणेपेक्षा ती वही अधिक बोलेल.

काही पथ्येही पाळावी लागतील. हातोडी न्यायची नाही. स्फटिक उकरून घरी आणायचा नाही. तो एका मुलाच्या कपाटात गेला, की पुढच्या शंभर मुलांच्या दृष्टीस पडत नाही. दगडावर नाव लिहायचे नाही. टाक्याच्या पाण्यात उतरायचे नाही, कारण उन्हाळ्यात तेच पाणी गुराख्याची आणि पाखरांची तहान भागवते. मुसळधार पावसात उभ्या कातळाच्या वाटेने मुलांना न्यायचे नाही. निवाऱ्यासाठी वाघोबाच्या ठाण्यासमोर गोंगाट करायचा नाही. आणलेला कचरा परत न्यायचा.

जगात आज या विषयाला मोठी प्रतिष्ठा आहे. युनेस्कोने २०१५ पासून जागतिक भूउद्यानांची अधिकृत योजना चालवली आहे. २०२५ च्या यादीत पन्नास देशांतील सव्वादोनशेहून अधिक उद्याने होती, आणि त्यांत भारतातील एकही नव्हते. जगातील सर्वात मोठ्या लाव्हाप्रदेशांपैकी एकावर आपण राहतो आणि ही स्थिती आहे. एक आशादायक पाऊल पडले आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये पाचगणी-महाबळेश्वरच्या दख्खन पाषाणथरांचा समावेश जागतिक वारशासाठीच्या भारताच्या संभाव्य यादीत झाला. पण वारसा युनेस्कोच्या शिक्क्याने निर्माण होत नाही. तो आधी गावाच्या मनात निर्माण व्हावा लागतो, शिक्का मागाहून येतो.

बंधू-भगिनींनो, बोईसर ही आज सर्व प्रांतांतून आलेल्या लोकांची नगरी आहे. कोणी बिहारमधून आले, कोणी राजस्थानातून, कोणी कोल्हापुरातून. पोटासाठी आलेला माणूस जेथे राहतो, त्या भूमीशी त्याचे नाते केवळ पगाराचे राहिले, तर ती भूमी पोरकी होते. त्याच्या मुलाला अशेरीचा कातळ दाखवा, सातिवलीच्या कुंडात हात घालू द्या, आसावाच्या टाक्यातले पाणी कोठून आले ते विचारा. ज्या डोंगराचे उत्तर त्याने स्वतः शोधले आहे, तो डोंगर त्याचा होतो. येत्या हिवाळ्यात प्रत्येक वस्तीने एक डोंगर आपला म्हणून घ्यावा, त्याची वही सुरू करावी आणि पायथ्याच्या पाड्याशी वर्षभराचे नाते जोडावे, एवढीच विनंती करतो आणि माझे बोलणे पूर्ण करतो.

भारत माता की जय.